बारा दिवसांत देश बघायचा की देशाचा एक कोपरा?

रानजाई (धागाकर्ती)

दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामला जायचं घाटतंय. मी, नवरा, चौथीतली लेक आणि सासरे (वय ७१, गुडघे शाबूत, स्वभाव विचारू नका). रजा आणि शनिवार-रविवार जोडून हाताशी बारा दिवस येतात. तेराव्याचं नाव काढलं तर आमची मॅनेजर मला कायमचीच रजा देईल.

भांडण असं आहे. नवरा म्हणतो, एवढे पैसे घालून जायचं तर अख्खा देश बघून यायचा. त्याने एक्सेल शीट केलीय. हनोई, हालाँगचा उपसागर, सापा, ह्युए, दा नांग, होई आन, सायगाव, कू चीचे बोगदे आणि शेवटी फु कॉक बेट. नऊ ठिकाणं. ती शीट बघूनच मला धाप लागली. मी म्हटलं एकच भाग घेऊ, निवांत राहू. तर म्हणे, "निवांत राहायला कोथरूडचं घर आहे की." यावर मला उत्तर सुचलं नाही म्हणून इथे आलेय.

एका देशाला किती दिवस द्यायचे याचा काही हिशेब असतो का? तुम्ही कसं ठरवता? जाऊन आलेल्यांनी तर लिहाच, न गेलेल्यांनीही लिहा, तसेही लिहिणारच आहात.

काडेपेटी

नवऱ्याला एकट्याला पाठवा. तुम्ही बारा दिवस कोथरूडात निवांत राहा. प्रश्न मिटला.

मुळशीकर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गणिती

हिशेब असतो. मांडून दाखवतो.

बारा दिवसांतला पहिला आणि शेवटचा दिवस जाण्यायेण्यात गेला. पुण्याहून मुंबई विमानतळापर्यंतचा प्रवासच कधीकधी विमानापेक्षा लांबतो, ते वेगळंच. राहिले दहा. नऊ ठिकाणं म्हणजे आठ वेळा मुक्काम हलवणं. एकेका हलवाहलवीला कमीत कमी अर्धा दिवस. सामान भरा, खोली सोडा, गाडी गाठा, विमानाला दोन तास आधी पोचा, उतरा, नवी खोली दुपारी दोनशिवाय मिळत नाही म्हणून लॉबीत बसा. चार दिवस गेले. उरलेल्या सहा दिवसांना नऊने भागा. एका ठिकाणाच्या वाट्याला सोळा तास, झोप धरून.

म्हणून मी दिवस मोजतच नाही, रात्री मोजतो. एका ठिकाणी तीन रात्री राहिलो तर मधे दोन अख्खे दिवस मिळतात. एकच रात्र राहिलात तर शून्य. पॅकेजच्या जाहिरातीत मात्र '१२ दिवस ११ रात्री' यातला मोठा आकडाच मोठ्या अक्षरात असतो.

वाटसरू_वारजे

गणितींना +१. एक भर घालतो. व्हिएतनाम क्षेत्रफळाने फार मोठा नाही. महाराष्ट्र ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर, व्हिएतनाम ३ लाख ३१ हजार. पण तो पडवळासारखा आहे, उत्तर-दक्षिण सोळाशे किलोमीटरच्या वर लांब आणि मधे एके ठिकाणी तर पन्नासेक किलोमीटर रुंद. हनोई ते सायगाव रेल्वेने १७२६ किलोमीटर पडतं, पुणे-दिल्लीपेक्षा जास्त. म्हणजे तुमच्या यजमानांच्या शीटमध्ये महाराष्ट्र नाही, पुण्यापासून दिल्लीपलीकडपर्यंतचा प्रवास आहे.

शेवंती_लंकेत

क्षेत्रफळाचं उलटंही होतं बरं का. आम्ही श्रीलंका 'एवढासा देश' म्हणून पाच दिवसांत उरकायला गेलो. महाराष्ट्राच्या साधारण पाचवा हिस्सा आहे तो. पण घाटरस्ते असे की दोनशे किलोमीटरला पाच-सहा तास लागतात. कँडीहून एल्लाला जाणारी ती प्रसिद्ध रेल्वे, चहाच्या मळ्यांतली, तिला सहा-सात तास लागतात. अप्रतिम प्रवास, दाराशी बसून केला. पण तो अख्खा दिवस आम्ही कुठेच धरला नव्हता! मग सिगिरियाचा खडक कापला. परतताना विमानतळावर त्याचा फ्रिज मॅग्नेट घेतला. न बघितलेल्या जागेचा मॅग्नेट आमच्या फ्रिजवर तीन वर्षं आहे, पाहुण्यांना खरं सांगत नाही.

काडेपेटी

@शेवंती, बघितलेल्या जागेचे आणि न बघितलेल्या जागेचे मॅग्नेट लांबून सारखेच दिसतात. याच तत्त्वावर बराच पैसा वाचवता येईल.

हेमंत_ऋतू

रानजाई, कुठला महिना ते आधी बघा, दिवस मागाहून मोजा. दिवाळी म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. त्या काळात उत्तरेला छान कोरडी हवा असते. पण मधल्या पट्ट्यात, म्हणजे ह्युए, दा नांग, होई आनला ऐन पावसाळा आणि वादळांचा मोसम. आपल्याकडे मान्सून परत फिरतो तेव्हा तिकडे सुरू होतो. होई आनच्या जुन्या गावात थू बोन नदीचं पाणी शिरणं तर जवळपास दरवर्षीचं. आम्ही ऑक्टोबरअखेर गेलो होतो. ते पिवळ्या भिंतींचं, कंदिलांचं गाव आम्ही पोटरीभर पाण्यातून बघितलं. आमच्या हॉटेलच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या रेघा मारून पुढे सालं लिहून ठेवली होती. काउंटरवरची मुलगी सामान वरच्या मजल्यावर हलवताना गाणं गुणगुणत होती, तिला सवयीचंच. आमची मात्र दोन दिवस कोंडी.

एकाच देशात तीन हवामानं असतील तर बारा दिवसांत तिन्ही चांगली मिळायची शक्यता कमीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर गोष्ट वेगळी, पण मग शाळा आहे.

रानजाई

बापरे! पावसाचं कुणीच बोललं नव्हतं. ट्रॅव्हल एजंटने तर होई आनचे कंदील दाखवूनच नवऱ्याला गटवलंय. हेमंत, खूप आभार.

जपानी_पंखा

आमचा अनुभव. जपान, नऊ दिवस, सहा शहरं. तेव्हा सात दिवसांचा रेल्वे पास २९,६५० येनला मिळायचा. पास घेतला की माणसाचं डोकं फिरतं. वसूल करायचा म्हणून आम्ही हिरोशिमाला सकाळी गेलो आणि रात्री परत. स्टेशनं फार सुंदर बघितली. खरंच सांगतो, मला अजून क्योतोतल्या एकाही देवळापेक्षा शिन-ओसाका स्टेशनचा नकाशा जास्त आठवतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच पास ५०,००० येन झाला. लोक हळहळले. पुढच्या वेळी आम्ही पासच घेतला नाही, आणि वसूल करायला काही नसल्यामुळे आठ रात्री क्योतोतच काढल्या. चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या तोफूवाल्या आजीबाई आम्हाला बघून मान हलवायला लागल्या. सहाव्या दिवशी बायकोने त्यांना बाकरवडी दिली. त्यांनी ती काडीने उचलून वास घेतला, चावली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकल्या. दुसऱ्या दिवशी मात्र बोटाने खूण करून विचारलं, अजून आहे का?

आळेकर_आजी

मी सहसा नुसती वाचते, आज लिहिते. वय ६८, सदाशिव पेठ, निवृत्त शिक्षिका.

तुम्ही सगळी तरुण माणसं आहात. 'पुढच्या वेळी' हा शब्द तुम्हाला परवडतो. आम्ही दोघं सहा वर्षांपूर्वी युरोपला गेलो, पंधरा दिवस, सात देश, टूरबरोबर. पहाटे पाचला बॅगा दाराबाहेर. लुव्रमध्ये दीड तास. मोनालिसापुढे लोकांची डोकी जास्त आणि ती कमी. मुलगा हसला होता, "आई, हे बघणं नाही, हजेरी लावणं आहे." असेल. पण ह्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, फळ्यावर खडूने आल्प्स काढले. बसच्या खिडकीतून आल्प्स दिसले तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसता माझा हात दाबला. गाडी थांबली नाही, दिसायला पुरेसं होतं. पुढच्या वर्षी ते गेले.

आम्ही शहाण्यासारखं 'एकच भाग निवांत' करायला इटलीत बसलो असतो तर आल्प्स राहिले असते. रानजाई, तुझ्या नवऱ्याला अगदीच वेड्यात काढू नकोस. आणि सासऱ्यांना कुणी विचारलंय का?

गणिती

आजी, माझं गणित मागे घेत नाही, पण आज पुढे काही लिहीत नाही.

मुळशीकर

पॉपकॉर्न बाजूला ठेवलं. आजी, लिहित्या राहा.

डच_पुणेकर

पलीकडच्या बाजूने लिहितो. अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये, उट्रेख्तला आहे. पुण्याहून पाहुणे येतात ते मंगळवारी उतरतात, बुधवारी अ‍ॅमस्टरडॅम, गुरुवारी ब्रसेल्स, शुक्रवारी पॅरिस. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहायची मुभा असते, हे ऐकून ते मीच वेडा असल्यासारखे माझ्याकडे बघतात. एक काका तर संध्याकाळी विचारत होते, "आज आपण कुठल्या देशात जेवतोय?" सीमेवर कुणी अडवत नाही, फलक कधी मागे गेला कळतही नाही.

पण आजींचं वाचून वाटलं, त्या काकांना मी मनात हसलो होतो ते काही बरोबर नव्हतं. ते आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर पडले होते.

खडूस_नारायण

एक विचारू का? पुणं किती जणांनी बघितलंय? मी जंगली महाराज रस्त्यावरून चाळीस वर्षं येतो-जातो. पाताळेश्वराच्या आत पहिल्यांदा गेलो ते कंपनीतल्या जर्मन पाहुण्याला दाखवायला. आठव्या शतकातली लेणी, राष्ट्रकूट काळातली, भर वस्तीत, बाहेर रिक्षांचा गोंगाट, आणि आत तो गोल नंदीमंडप. तोच मला विचारतो, हा मंडप गोल का? मी म्हटलं, चला, कॉफी घेऊ.

तो पठ्ठ्या तीन आठवडे पुण्यात होता. शनिवारी मंडईत जाऊन बसायचा, नुसता बसायचा. त्याला शेवग्याचं आणि पडवळाचं मराठी नाव माहीत झालं होतं. तीन आठवड्यांत त्याने पुणं बघितलं का? नाही. पण माझ्या चाळीस वर्षांपेक्षा बरं बघितलं असावं.

काडेपेटी

@नारायणकाका, म्हणजे बारा दिवस मंडईत बसावं असं आपलं म्हणणं. स्वस्तही पडेल. (हलके घ्या.)

अन्नपूर्णा_पाषाण

अवांतर, पण कुणीच विचारत नाहीये म्हणून: खाण्याचं काय? आम्ही शाकाहारी. तिकडे जवळजवळ सगळ्यात माशाचं पाणी घालतात म्हणे.

हेमंत_ऋतू

फिश सॉस, हो. नुसती भाजी मागवली तरी असू शकतो. पण एक शब्द पाठ करा: 'चाय'. त्यांच्याकडे चाय म्हणजे शाकाहारी! दुकानावर ही पाटी दिसली की बिनधास्त आत शिरा. बौद्ध परंपरेमुळे तिकडचे बरेच लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसमच्छी खात नाहीत, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. त्या दिवशी चायवाल्यांकडे रांग लागते. माझे वडील पहिल्या दिवशी हॉटेलात "चाय, चाय" म्हणत राहिले आणि त्यांच्यापुढे तीन प्रकारचं टोफू आलं. चहा शेवटपर्यंत नाही.

अन्नपूर्णा_पाषाण

तरी मी थेपले नेणारच.

वाटसरू_वारजे

आणि हनोईत अंड्याची कॉफी! १९४६ साली दुधाच्या टंचाईत कुणीतरी पिवळं बलक फेटून घातलं, ते आजतागायत चालू आहे. शाकाहाऱ्यांनी आपापलं ठरवावं.

भूतानवेडा

मूळ प्रश्नाकडे येतो. दिवसाची किंमत काय असते हे मला भूतानने शिकवलं. तिथे भारतीयांना माणशी दर रात्रीला १२०० रुपये शुल्क सरकारला द्यावं लागतं. हॉटेल, जेवण वेगळं. एक रात्र वाढवायची म्हटलं की दोघांचे आधी २४०० बाजूला काढायचे. त्यामुळे प्रत्येक दिवशी आम्ही एकमेकांना विचारायचो, आज काय म्हणून राहतोय? उत्तर आलं नाही तर निघायचं. पारोला मात्र उत्तर रोज येत होतं. टाक्त्सांगच्या मठाला चढून गेलो, दुसऱ्या दिवशी पाय दुखतात म्हणून राहिलो, तिसऱ्या दिवशी नदीकाठी तिरंदाजी चालली होती ती संपेना म्हणून राहिलो.

फुकटचे दिवस असले की आपण ते ठिकाणांनी भरून टाकतो.

मिनू_विमाननगर

मी नवऱ्याच्या पार्टीत. सॉरी. निवांतपणा माझ्याच्याने होत नाही. गोव्यात तिसऱ्या दिवशी मी हॉटेलच्या कपाटाचे कप्पे लावत होते. नऊ दिवसांत पाच शहरं केली तेव्हा कुठे सुट्टीवर आल्यासारखं वाटलं. प्रत्येकाला आपल्या घराचा कंटाळा वेगळ्या वेगाने येतो.

फक्त चौथीतल्या मुलीचा विचार करा. माझा मुलगा त्याच वयाचा असताना आठ दिवसांत पाच हॉटेलं झाली. पाचव्या हॉटेलात तो रात्री उठला आणि अंधारात बाथरूमऐवजी कपाट उघडलं. पुढचं लिहीत नाही.

काडेपेटी

आणि तुम्ही कप्पे लावलेले होते ना?

रूळवाला

एवढ्या प्रतिसादांत व्हिएतनामची रेल्वे एकदाच आली, निषेध. व्हिएतनामचं बहुतेक जाळं अजून मीटरगेज आहे, म्हणजे रुळांत जेमतेम एक मीटर अंतर. हनोई-लाव काय ही रात्रीची गाडी तीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर अंतराला साधारण आठ तास घेते. हसू नका, मीटरगेजवर वळणावळणाने तसंच जायचं असतं. लाव कायला पहाटे उतरायचं, तिथून बसने तासाभरात वर सापा. बसने थेट गेलात तर पाच-सहा तासांत पोचाल, पण रात्र रेल्वेत काढली तर हॉटेलची एक रात्र वाचते आणि गणितींचा अर्धा दिवसही. आणि हनोईत लाल नदीवरचा लाँग बिएन पूल बघाच. फ्रेंचांनी १९०२ साली पुरा केलेला, मधून रेल्वे, दोन्ही कडांनी दुचाक्या. अमेरिकी बॉम्बवर्षावात तो पुन्हा पुन्हा तुटला, पुन्हा पुन्हा जोडला. जिथे जोडलाय तिथे कमानी गायब आहेत, नुसत्या डोळ्यांनी कळतं.

हेमंत_ऋतू

हनोईत सोमवार-शुक्रवार सांभाळा. हो ची मिन्ह यांची समाधी दोन्ही दिवशी बंद, आणि उघडी असते तेव्हाही सकाळीच. बरीच संग्रहालयंही सोमवारी बंद. एकच रात्र हनोईला दिली आणि नेमका सोमवार आला की कळेल, जास्तीचा दिवस का लागतो ते.

रानजाई

पाच दिवसांनी येतेय, सगळ्यांचे आभार. घडलं ते सांगते.

आजींनी विचारलं होतं, सासऱ्यांना कुणी विचारलंय का. खरं सांगायचं तर नव्हतं विचारलं. त्यांचा पासपोर्ट, औषधं, विम्याचा हप्ता, सगळं एक्सेलमध्ये होतं, फक्त 'बाबांना काय बघायचंय' हा रकाना नव्हता. रविवारी जेवणं झाल्यावर मी हा धागा पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. मॅग्नेटला हसले. आजींच्या प्रतिसादाला सुपारी कातरायची थांबली. रूळवाल्यांपर्यंत आले तर म्हणाले, "थांब. काय म्हणालीस, मीटरगेज?"

बाबा रेल्वेत गार्ड होते, तीस वर्षं. बालपण मिरजेतलं. पुणे-मिरज लाइन तेव्हा मीटरगेज होती. ब्रॉडगेज झाली तेव्हा ते शाळेत होते. त्यांचे वडील सुट्टीत पुण्याला आणायचे ती रात्रीची छोटी गाडी त्यांना अजून आवाजासकट पाठ आहे. टेबलावर बोटांनी वाजवून दाखवली आम्हाला. लेक म्हणाली, आजोबा, परत. तीनदा वाजवली. मग म्हणाले, "तुमची नऊ ठिकाणं तुम्ही बघा. मला त्या गाडीत एक रात्र झोपव."

त्यावर नवऱ्याने निमूटपणे लॅपटॉप उघडला आणि ह्युएपासून खालच्या सगळ्या ओळी उडवल्या. पावसामुळे उडवल्या असं तो म्हणतो, म्हणू दे.

आता फक्त उत्तर व्हिएतनाम. हनोई चार रात्री, निन्ह बिन्ह (हनोईच्या दक्षिणेला, शीटमध्ये नव्हतं) तीन, सापा दोन, रेल्वेत जाताना एक, येताना एक. अकरा झाल्या. हालाँगवरून मात्र भांडण चालू आहे. मी म्हणते निन्ह बिन्हच्या चांग आनला तसेच चुनखडीचे डोंगर आहेत, होडीतून जाता येतं, खालून गुहा आहेत. तो म्हणतो तिथे समुद्र नाही.

गणिती

तीन मुक्काम, आणि दोन रात्री झोपेतच प्रवास. रात्रींचा हिशेब बरोबर बसतोय. हालाँग हवंच असेल तर हनोईहून अडीच तास जायला, अडीच यायला, एका दिवसात होतं. चारपैकी एक दिवस द्यावा लागेल. सोमवारचा द्या, तसंही संग्रहालयं बंद.

आळेकर_आजी

रानजाई, सासऱ्यांना माझा नमस्कार सांग. आल्यावर फोटो टाक, पण गाडीचे. डोंगरांचे खूप बघितलेत.

मिनू_विमाननगर

सापाला दोनच रात्री? म्हणजे कप्पे लावायची वेळच येणार नाही. छान.

अन्नपूर्णा_पाषाण

गाडीत रात्री जेवायला थेपले न्या. सांगून ठेवते.

रूळवाला

काकांना सांगा, चार बर्थच्या डब्यात दोन खाली, दोन वर असतात. तुम्ही चौघंच आहात, अख्खा कप्पा तुमचा. खालचा बर्थ त्यांच्यासाठी धरा, खिडकीकडे डोकं येईल असा. आणि त्यांना विचारून कळवा, जुन्या मिरज गाडीला शिंदवणेच्या घाटात मागून इंजिन लावायचे का? माझ्या वडिलांचं आणि माझं यावरून बरीच वर्षं चाललंय.